सीमाभागातील प्राथमिक शाळांची तुलना : बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या निमित्ताने

प्राथमिक शाळांच्या कामाचे मूल्यमापन करताना एका शाळेची दुसऱ्या शाळेशी, एका केंद्राची दुसऱ्या केंद्राशी व एका तालुक्याची दुसऱ्या तालुक्याशी तुलना करण्याचा प्रघात सर्वत्र आहे. पटसंख्या, उपस्थिती व चाचणीतील गुण यांचे तक्ते आता सहज उपलब्ध होतात. त्यामुळे तुलना करणे सोपे झाले आहे. तथापि तुलना सोपी झाली म्हणजे ती न्याय्य झाली असे नव्हे. अशा तक्त्यांच्या आधारे शिक्षकांची पदे ठरतात, शाळांचे एकत्रीकरण सुचविले जाते आणि कोणते गाव शिक्षणात 'मागे' आहे याविषयी मते बनतात. तक्ता सदोष असेल तर त्याची किंमत अखेर सहा-सात वर्षांच्या मुलाला मोजावी लागते. यास्तव शाळांची तुलना कोणत्या रीतीने करावी याचा विचार प्रत्येक पर्यवेक्षकाने व मुख्याध्यापकाने करणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखात हा विचार कर्नाटकातील बीदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांच्या आधारे केला आहे. या भागात मराठी, कन्नड व उर्दू या तिन्ही माध्यमांच्या शाळा आहेत आणि सीमेपलीकडे लातूर, नांदेड, धाराशिव व सोलापूर हे महाराष्ट्राचे जिल्हे आहेत. तुलनेतील बहुतेक सर्व अडचणी येथे एकत्र पाहावयास मिळतात. येथील अनुभवावरून जो निष्कर्ष निघतो तो इतरत्रही उपयोगी पडेल. तो निष्कर्ष असा की, शाळेची तुलना करण्यापूर्वी मुलांच्या घरची भाषा, शाळेचा आकार व पटावरील प्रत्येक मुलाचा ठावठिकाणा या तीन गोष्टी तपासल्याच पाहिजेत. त्या न तपासता केलेली तुलना शाळेविषयी काहीच सांगत नाही. ती केवळ परिस्थितीतील फरक दाखविते.

एका जिल्ह्याचे तीन राज्यांत विभाजन

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बीदर हा हैदराबाद राज्यातील एक जिल्हा होता. राज्यपुनर्रचनेच्या वेळी त्याचे तीन भाग झाले. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके तत्कालीन मुंबई राज्याकडे आले; जहीराबाद व नारायणखेड हा तेलुगू भाषकांचा भाग आंध्र प्रदेशात गेला; आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद आदी भाग म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. गुलबर्गा जिल्ह्यातूनही कोडंगल व तांडूर हे तालुके आंध्र प्रदेशाकडे गेले व उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. १९७३ साली म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले, १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा निर्माण झाला आणि २०१४ साली गुलबर्ग्याचे नाव कलबुर्गी असे करण्यात आले. या सीमेसंबंधी महाराष्ट्र शासनाने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या प्रश्नाची चर्चा हा या लेखाचा विषय नाही.

शिक्षणाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, भालकी व उदगीर यांचा १९५६ पर्यंतचा शैक्षणिक वारसा एकच होता. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे व कारभाराचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही तेच माध्यम होते. मराठी व कन्नड या दोन्ही भाषांच्या शाळांना या राजवटीत अडचणी सोसाव्या लागल्या. त्यानंतरच्या काळात मात्र या दोन ठिकाणच्या शाळा दोन भिन्न राज्यांच्या पद्धतीने चालल्या. जमीन, पाऊस, पिके व नातीगोती समान. प्रशासन, पाठ्यपुस्तके व वेळापत्रक भिन्न, अशी ही स्थिती आहे. शाळांच्या तुलनेस ती सोयीची वाटते आणि म्हणूनच तीत सावधगिरी अधिक हवी.

साक्षरतेच्या बाबतीत हा सर्व टापू दीर्घकाळ मागे राहिला. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटक राज्याचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७५ टक्के असताना बीदर जिल्ह्याचे सुमारे ७०.५ टक्के व गुलबर्गा जिल्ह्याचे सुमारे ६५ टक्के होते. प्रादेशिक असमतोलाचा विचार करणाऱ्या डॉ. नंजुंडप्पा समितीने २००२ साली आपला अहवाल दिला. समितीने अति मागास ठरविलेल्या ३९ तालुक्यांपैकी २१ तालुके गुलबर्गा विभागातील होते. पुढे संविधानात अनुच्छेद ३७१ (ञ) समाविष्ट होऊन या विभागास विशेष तरतुदी लागू झाल्या. महाराष्ट्रातही मराठवाड्याच्या अनुशेषाचा प्रश्न दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून चर्चेत आहे. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंस आपापल्या राज्यातील तुलनेने मागे राहिलेले प्रदेश आहेत. बीदरच्या शाळेची तुलना बंगळूरच्या शाळेशी, अथवा उदगीरच्या शाळेची पुण्याच्या शाळेशी करण्यापेक्षा, बीदर व उदगीर यांची परस्परांशी तुलना अधिक बोधप्रद ठरेल ती यामुळेच.

पद्धतीतील भेद

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आहेत. कर्नाटकात त्या मुख्यतः राज्याच्या सार्वजनिक शिक्षण खात्याच्या शाळा असून जिल्ह्यास उपसंचालक व तालुक्यास क्षेत्र शिक्षणाधिकारी असतो. कर्नाटकात २००१ पासून शाळेच्या विकास व देखरेखीसाठी पालकांच्या समित्या नेमण्यात आल्या; महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्यानंतर शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमही दोन्हीकडे राबविला गेला. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यातच लातूर, नांदेड व उस्मानाबाद हे जिल्हे घेण्यात आले. बीदर व गुलबर्गा हे जिल्हे दुसऱ्या टप्प्यात आले.

शाळेच्या इयत्तांची रचनाही सारखी नाही. महाराष्ट्रातील अनेक जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंत आहेत. पाचवीसाठी मूल दुसऱ्या शाळेत जाते. कर्नाटकात कनिष्ठ प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत व वरिष्ठ प्राथमिक शाळा सातवी अथवा आठवीपर्यंत असते. त्यामुळे 'पाचवीपर्यंत टिकलेली मुले' हा आकडा दोन्ही राज्यांत एकाच अर्थाचा राहत नाही. शाळा सुरू होण्याची वेळही भिन्न आहे. कर्नाटकात शाळा जूनच्या आरंभीच्या सुमारास भरू लागतात, मराठवाड्यात जूनच्या मध्यास. दीर्घ सुटी एकीकडे दसऱ्यास, तर दुसरीकडे दिवाळीस असते. एकाच तारखेस दोन्हीकडे चाचणी घेतली तरी अध्यापनाचे दिवस समान झालेले असतीलच असे नाही.

अध्यापनपद्धतीचा भेदही ध्यानात घ्यावा लागतो. कर्नाटकात १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात 'नलि-कलि', म्हणजे आनंदाने शिकणे, या पद्धतीचा आरंभ झाला व २००९ पासून ती राज्यभर विस्तारली. तीत लहान इयत्तांची मुले एकत्र बसतात व प्रत्येक मूल शिकण्याच्या पायऱ्यांवरून आपल्या गतीने पुढे जाते. अशा वर्गात वर्षाच्या मध्यास इयत्तेच्या पाठ्यपुस्तकावर बेतलेली चाचणी घेतल्यास ती मुलांचे शिक्षण नव्हे, तर दोन पद्धतींमधील अंतर मोजील.

घरची भाषा आणि शाळेची भाषा

या भागातील शाळांच्या तुलनेत सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाणारी बाब भाषेची आहे. संविधानाच्या सातव्या दुरुस्तीने १९५६ साली अनुच्छेद ३५०-क समाविष्ट झाला व भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षण देण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा असे ठरले. त्यापूर्वी १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत, एका वर्गात १० किंवा संपूर्ण शाळेत ४० मुले असल्यास मातृभाषेचा शिक्षक द्यावा, हे प्रमाण मान्य झाले होते. शिक्षण हक्क कायद्यातही शिक्षणाचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. याच तत्त्वानुसार आळंद व भालकीकडे मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, आणि अक्कलकोट व जत या महाराष्ट्राच्या तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत. कर्नाटक राज्याची पाठ्यपुस्तके मराठीतही निघतात व बालभारतीची पुस्तके कन्नडमध्येही निघतात.

परंतु शाळेचे माध्यम कळले म्हणजे मुलाची भाषा कळली असे नाही. मराठी शाळेत बसलेल्या मुलाच्या घरी मराठीच बोलली जाते असे गृहीत धरता येत नाही. या टापूत तांड्यावरील मूल गोरमाटी बोलते, मुसलमान कुटुंबातील मूल दखनी बोलते, आणि लिंगायत शेतकऱ्याचे मूल घरी कन्नड व बाजारात मराठी बोलते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात अनेक भाषांत पदरचना केली, ती याच बहुभाषिक भूमीत. मोठ्या माणसाला ही बहुभाषिकता संपत्ती वाटते. पहिलीच्या मुलाला मात्र अक्षर ओळखण्यापूर्वी शब्दाचा अर्थ शिकावा लागतो, ही दुहेरी मेहनत आहे.

भाषांची संख्याही विचारात घ्यावी. महाराष्ट्रातील मराठी शाळेत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. कर्नाटकातील सरकारी शाळांत इंग्रजी पहिलीपासून २००७-०८ मध्ये आले. त्याशिवाय कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानुसार सर्व शाळांत कन्नड ही प्रथम वा द्वितीय भाषा म्हणून शिकविली जाते. राज्याची भाषा मुलाला येणे त्याच्या हिताचेच आहे. तथापि याचा अर्थ असा की, औरादच्या मराठी शाळेतील मूल देवनागरी, कन्नड व रोमन अशा तीन लिप्या लहान वयातच हाताळते, तर देगलूरच्या मराठी शाळेतील मूल दोन. केवळ मराठी वाचनाच्या गतीवर दोघांची तुलना केल्यास पहिल्या मुलाने शिकलेली एक संपूर्ण लिपी हिशेबाबाहेर राहते.

गणितही भाषेपासून अलिप्त नाही. कन्नडमध्ये ६३ ही संख्या 'अरवत्तमूरु', म्हणजे साठ-तीन, अशी बोलली जाते. प्रथम दशक व नंतर एकक, जसे लिहावे तसे. मराठीतील 'त्रेसष्ट' या शब्दात एकक आधी येतो व रूपही बदलते. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'साठ तीन' अशा संख्यावाचनाचा पर्याय दिला, तेव्हा महाराष्ट्रात त्यावर मोठी चर्चा झाली व दाक्षिणात्य भाषांचा दाखलाही दिला गेला. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलास तोंडी 'त्रेसष्ट लिही' असे सांगितल्यावर त्याने ३६ लिहिले, तर चूक गणिताची की संख्यानामाची, हे तपासणाऱ्याने पाहिले पाहिजे. तेच मूल ६३ काड्या अचूक मोजून दाखवीत असेल, तर त्यास गणित येत नाही असे म्हणता येणार नाही.

हजेरीचा हंगाम

सोयाबीन व तूर या पिकांचा हा टापू आहे. कलबुर्गी तर तुरीसाठी प्रसिद्ध आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी, आणि इतर वेळी बांधकामाच्या मजुरीसाठी हैदराबाद, पुणे व मुंबईकडे कुटुंबे जातात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. जुलैमधील हजेरी व जानेवारीतील हजेरी यांत शाळेचा काहीही दोष नसताना अंतर पडते. यास्तव दोन शाळांच्या उपस्थितीची तुलना एकाच महिन्याच्या आकड्यांवरून करू नये. किमान जुलै, नोव्हेंबर व फेब्रुवारी या तीन महिन्यांची हजेरी पाहावी.

माध्यान्ह भोजनाचा उपस्थितीशी निकट संबंध आहे. कर्नाटकात शिजविलेल्या अन्नाची 'अक्षर दासोह' योजना २००२ साली याच मागास जिल्ह्यांतून प्रथम सुरू झाली, आणि २०२१ च्या डिसेंबरात अंडी अथवा केळी देण्यासही बीदर, कलबुर्गी आदी जिल्ह्यांतूनच आरंभ झाला. उपस्थिती वाढलेली दिसल्यास तिचे श्रेय अध्यापनास किती व भोजनास किती, हे पाहूनच निष्कर्ष काढावा. दोन्ही गोष्टी इष्टच आहेत. पण एकीचे श्रेय दुसरीस दिल्यास पुढील वर्षाचे नियोजन चुकते.

आकड्यांचा अर्थ : तीन उदाहरणे

पुढील उदाहरणे काल्पनिक आहेत. केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून ती दिली आहेत.

पहिले उदाहरण : समजा, 'अ' व 'आ' या दोन शाळांत पहिलीत प्रत्येकी २० मुले दाखल झाली. 'अ' शाळेत पाचवीच्या चाचणीस १२ मुले बसली व त्यांपैकी ९ मुलांना परिच्छेद वाचता आला. म्हणजे ७५ टक्के. 'आ' शाळेत १८ मुले बसली व १२ मुलांनी वाचला. म्हणजे सुमारे ६७ टक्के. नेहमीच्या तक्त्यात 'अ' शाळा वर येईल. परंतु दाखल झालेल्या २० मुलांवर हिशेब केला तर 'अ' शाळेने ४५ टक्के व 'आ' शाळेने ६० टक्के मुलांना वाचते केले. 'अ' शाळेची गेलेली आठ मुले दुसऱ्या शाळेत गेली की शेतावर, याची गावात चौकशी केल्याशिवाय तिची टक्केवारी लिहू नये. कमलनगर व भालकी ही उदगीरला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील स्थानके आहेत. अशा ठिकाणी पटावरून गेलेले मूल सीमेपलीकडच्या शाळेत शिकत असणेही शक्य असते.

दुसरे उदाहरण : चौथीच्या वर्गात आठ मुले असतील, तर एका मुलाच्या यशापयशाने निकाल साडेबारा टक्क्यांनी बदलतो. एका वर्षी ७५ टक्के व पुढील वर्षी ५० टक्के निकाल लागला म्हणजे शाळा घसरली असे नाही. दोन मुलांचाच तो फरक आहे. लहान शाळांच्या बाबतीत तीन वर्षांची मुले एकत्र धरूनच टक्केवारी काढावी.

तिसरे उदाहरण : एका इमारतीत कन्नड माध्यमाची ३४ व मराठी माध्यमाची २६ अशी ६० मुले पहिली ते पाचवीत आहेत. शिक्षण हक्क कायद्यातील परिशिष्टानुसार ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतात. एकत्र मोजणी केली तर दोन शिक्षक पुरेसे दिसतात व शाळा 'पूर्ण शिक्षकांची' ठरते. प्रत्यक्षात प्रत्येक माध्यमाच्या वाट्यास पाच इयत्तांना मिळून एकच शिक्षक येतो. माध्यमवार मोजणी केली तर दोन अधिक दोन असे चार शिक्षक लागतील. अशा शाळेची तुलना ६० मुलांच्या एकमाध्यमी शाळेशी करणे अन्यायाचे आहे.

शिक्षण हमी कार्यक्रमाचा धडा

शाळांच्या न्याय्य तुलनेचा एक उल्लेखनीय प्रयत्न याच प्रदेशात झाला आहे. २००२ साली कर्नाटक शासन व अझीम प्रेमजी प्रतिष्ठान यांनी राज्याच्या ईशान्येकडील बीदर, गुलबर्गा आदी सात जिल्ह्यांत सरकारी प्राथमिक शाळांसाठी शिक्षण हमी कार्यक्रम हाती घेतला. त्यातील सहभाग ऐच्छिक होता. शाळेचे यश ठरविताना गावातील मुले पटावर आहेत काय, पटावरील मुले नियमित येतात काय आणि येणारी मुले अपेक्षित क्षमता मिळवितात काय, अशा तीन कसोट्या एकत्र लावण्यात आल्या. निवडक हुशार मुले पुढे करून शाळेला नाव मिळविता येऊ नये, ही त्यामागील दृष्टी होती. मूल्यमापन पाठांतरावर नव्हे तर आकलनावर आधारलेले असावे असाही आग्रह होता.

या कार्यक्रमापासून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, तुलनेत छेदस्थानी परीक्षेस बसलेली मुले नसून पटावरील सर्व मुले असली पाहिजेत. दोन, स्वेच्छेने पुढे आलेल्या शाळा व मागे राहिलेल्या शाळा मुळातच भिन्न असतात. म्हणून पुढे आलेल्या शाळांचे निकाल संपूर्ण तालुक्यास लावता येत नाहीत. मागे राहिलेली शाळा मदतीस अधिक पात्र असते, हेही विसरता कामा नये.

पर्यवेक्षकांसाठी कार्यपद्धती

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

१. प्रथम प्रत्येक शाळेत मुलांच्या घरच्या भाषांची नोंद करावी. जनगणनेतील अथवा दाखल्यावरील मातृभाषेवर विसंबू नये. घरी आजी मुलाशी कोणत्या भाषेत बोलते, हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो.

२. पट, शिक्षक व निकाल हे तिन्ही माध्यमवार लिहावेत.

३. आकार, माध्यम, घरची भाषा व स्थलांतराचे प्रमाण यांत साम्य असलेल्या चार-पाच शाळांचा गट करावा व तुलना गटापुरती ठेवावी. अशा गटात सीमेपलीकडची एखादी शाळा घेता आली तर उत्तम.

४. चाचणी दोनदा घ्यावी : शाळा सुरू झाल्यावर एका महिन्याने व वर्षाअखेरीस. ६० टक्क्यांवरून ७० वर गेलेल्या शाळेपेक्षा २० वरून ४५ वर गेलेल्या शाळेचे काम कमी नाही. तक्त्यात दोन्ही आकडे शेजारी असावेत.

५. पटावरून कमी झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव व कारण लिहावे. 'इतर कारणे' हा रकाना ठेवू नये.

६. शेवटी, जो फरक उरेल त्याचे कारण वर्गात जाऊन शोधावे. पुस्तके केव्हा आली, शिक्षक किती दिवस प्रशिक्षणात व इतर कामांत होते, मुलांच्या हाती वाचावयास काय आहे, हे प्रश्न तेथे विचारावेत.

समारोप

कमी पटाच्या शाळांचा प्रश्न आज दोन्ही राज्यांपुढे आहे. महाराष्ट्रात २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळांच्या समायोजनाचा निर्णय झाला होता, आणि २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांची कल्पना पुढे आली. सीमाभागात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. सर्वसाधारण भागात शाळा बंद झाली तर मुलास त्याच भाषेची दुसरी शाळा काही अंतरावर मिळते. सीमाभागातील मराठी अथवा कन्नड शाळा बंद झाली, तर जवळची शाळा बहुधा दुसऱ्या भाषेची असते. मुलाचे अंतर किलोमीटरमध्ये एक असते व भाषेत अनेक वर्षांचे. अक्कलकोटच्या कन्नड शाळेस हे जितके लागू आहे, तितकेच आळंदच्या मराठी शाळेस. जी कसोटी आपण एका बाजूस न्याय्य मानतो, ती दुसऱ्या बाजूसही मानली पाहिजे.

तुलनेचा हेतू शाळांना क्रमांक देणे हा नसून, कोणत्या शाळेस काय हवे हे समजून घेणे हा आहे. तक्ता भरताना एवढे भान राहिले, तर तळाशी असलेल्या शाळेचे नाव वाचून प्रथम तिच्याकडे कोणते शिक्षक व कोणती पुस्तके पाठवावयाची याचा विचार मनात येईल. ती बंद करण्याचा विचार त्यानंतरचा.